जठरातील जिवाणू आणि गरोदरपणातील मधुमेह : दोन मूक आजारांची ओळख



वार्षिक अहवालात जमाखर्च आणि रुग्णसंख्येच्या तक्त्यांच्या जोडीला एखाद्या आजाराची सुबोध माहिती देण्याचा प्रघात आपल्या संस्थेने ठेवला आहे. यंदा त्यासाठी आम्ही दोन विषय एकत्र निवडले आहेत. पहिला विषय जठरात वास्तव्य करणाऱ्या ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ या जिवाणूच्या संसर्गाचा, आणि दुसरा गरोदरपणात उद्भवणाऱ्या मधुमेहाचा. वरवर पाहता या दोहोंचा परस्परांशी काही संबंध दिसत नाही. एकाचा रुग्ण पोटविकाराच्या बाह्यरुग्ण विभागात जातो, दुसऱ्याची रुग्ण प्रसूती विभागात. परंतु हे दोन्ही आजार बहुधा कोणतेही ठळक लक्षण न दाखविता शरीरात राहतात, आणि या दोहोंत काही नाते असावे काय, याचा शोध गेली काही वर्षे संशोधक घेत आहेत. त्याविषयी अर्धवट माहिती कानावर आल्याने काही कुटुंबे घाबरून चौकशीस येतात, तर कित्येक कुटुंबांना यांपैकी एकाही आजाराची गंधवार्ता नसते. भीती आणि अज्ञान दोन्ही दूर व्हावीत, हा या लेखाचा हेतू आहे.

आम्ही रुग्णालयाचा कारभार पाहणारे. वैद्यकशास्त्राचे अभ्यासक नव्हे. सबब येथील वैद्यकीय मजकूर आपल्या तज्ज्ञ डॉक्टरांकडून तपासून घेतला आहे. लेखाच्या उत्तरार्धात मात्र आमच्या कारभारातील एका उणिवेविषयीही लिहिणे आम्हांस आवश्यक वाटते.

आम्लात जगणारा जिवाणू

आपल्या जठरात अन्नपचनासाठी तीव्र आम्ल पाझरते. अशा आम्लात कोणताही जिवाणू टिकाव धरू शकणार नाही, असा वैद्यकशास्त्राचा दीर्घकाळ समज होता. जठरात व्रण, म्हणजे अल्सर होतो तो काळजी, जागरण आणि तिखट खाणे यांमुळे, अशीच शिकवण दिली जाई. ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरातील रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल या दोन डॉक्टरांनी या समजाला धक्का दिला. जठराच्या अस्तराच्या तुकड्यांत वॉरन यांना मळसूत्राच्या आकाराचे जिवाणू वारंवार दिसत होते. प्रयोगशाळेत त्यांची वाढ मात्र होत नव्हती. १९८२ साली ईस्टरच्या सुट्टीमुळे काचपात्रे नेहमीपेक्षा अधिक दिवस तशीच राहिली, आणि त्या वेळी जिवाणूंची वाढ प्रथमच दिसून आली. तरीही इतरांचा विश्वास बसेना. तेव्हा १९८४ साली मार्शल यांनी या जिवाणूंचे द्रावण स्वतः प्राशन केले. काही दिवसांतच त्यांना मळमळ व उलट्या सुरू झाल्या आणि दुर्बिणीतून केलेल्या तपासणीत जठराचा दाह आढळला. २००५ साली या दोघांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

हा जिवाणू आम्लात कसा जगतो, हे समजून घेण्यासारखे आहे. तो ‘युरिएज’ नावाचे विकर तयार करतो. त्या विकराच्या साहाय्याने जठरातील युरियापासून अमोनिया तयार होतो, आणि हा अमोनिया जिवाणूच्या सभोवतालचे आम्ल सौम्य करतो. अशा रीतीने स्वतःभोवती संरक्षक कवच निर्माण करून तो जठराच्या चिकट अस्तरात शिरतो आणि तेथेच मुक्काम ठोकतो. उपचार न झाल्यास हा मुक्काम बहुधा जन्मभराचा असतो.

हा संसर्ग बहुतेकांना बालपणीच होतो. दूषित पाणी व अन्न, अस्वच्छ हात, दाटीची वस्ती, आणि एकाच घरातील माणसांचा निकटचा सहवास ही त्याची प्रमुख कारणे होत. स्वतःच्या तोंडात चावलेला घास मायेने तान्ह्याला भरविण्याची पद्धतही त्यास हातभार लावू शकते. जगातील जवळपास निम्म्या लोकांच्या जठरात हा जिवाणू असावा असा अंदाज आहे; आपल्या देशात हे प्रमाण त्याहून अधिक आहे. परंतु येथे घाबरण्याचे कारण नाही. बाधितांपैकी बहुसंख्य लोकांना आयुष्यात कधीही त्रास होत नाही. साधारणतः दहांतील एकास अल्सर होतो. जठराच्या कर्करोगाची शक्यता त्याहून पुष्कळच कमी आहे. तथापि तो धोका खरा असल्याने जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ साली या जिवाणूचा समावेश कर्करोगकारक घटकांत केला.

गरोदरपणातील साखर

आता दुसऱ्या विषयाकडे वळू. गर्भ वाढू लागला की वारेतून निरनिराळी संप्रेरके आईच्या रक्तात मिसळतात. गर्भाला सतत साखर मिळत राहावी, यासाठी ही संप्रेरके आईच्या शरीरातील इन्सुलिनचा प्रभाव कमी करतात. हा निसर्गक्रमच होय. निरोगी स्त्रीचे स्वादुपिंड अधिक इन्सुलिन तयार करून ही तूट भरून काढते. ज्या स्त्रीच्या स्वादुपिंडास ही वाढीव मागणी पेलवत नाही, तिच्या रक्तातील साखर वाढते. यालाच गरोदरपणातील मधुमेह म्हणतात.

आईची साखर वारेतून बाळाकडे जाते. आईचे इन्सुलिन मात्र जात नाही. त्यामुळे वाढलेली साखर हाताळण्यासाठी बाळाचे स्वादुपिंड स्वतःच जादा इन्सुलिन तयार करू लागते. परिणामी बाळाच्या अंगी चरबी साठते, त्याचे वजन प्रमाणाबाहेर वाढते आणि प्रसूती अवघड होते. जन्मानंतर नाळ कापताच साखरेचा पुरवठा थांबतो, परंतु बाळाचे जादा इन्सुलिन लगेच थांबत नाही. म्हणून अशा बाळाची साखर पहिल्या काही तासांत धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. नऊ देशांतील सुमारे २३ हजार गरोदर स्त्रियांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. आईची साखर जसजशी वाढते, तसतसा हा धोकाही क्रमाक्रमाने वाढत जातो, असे त्यांत स्पष्ट झाले.

भारतीय स्त्रियांत या मधुमेहाची शक्यता अधिक असल्याने आपल्या देशात प्रत्येक गरोदर स्त्रीची तपासणी व्हावी, असे धोरण आहे. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी यासाठी सोपी, एकच नमुना घेण्याची पद्धत पुरस्कारिली. केंद्र शासनाच्या २०१४ च्या व त्यानंतर २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांतही हीच पद्धत स्वीकारलेली आहे. स्त्रीने जेवण केलेले असो वा नसो, तिला ७५ ग्रॅम ग्लुकोज सुमारे ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून पाच ते दहा मिनिटांत प्यावयास देतात. बरोबर दोन तासांनी रक्ताची तपासणी होते. साखर १४० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक आढळल्यास गरोदरपणातील मधुमेह मानला जातो. ही तपासणी पहिल्याच भेटीत करावयाची आणि ती निर्दोष आल्यास २४ ते २८ व्या आठवड्यात पुन्हा करावयाची असते. पहाटेच्या एस.टी.ने दूरच्या गावाहून येणाऱ्या भगिनीला उपाशी राहण्याची अट नाही, ही या पद्धतीतील मोठीच सोय आहे. काही तज्ज्ञ उपाशीपोटी सुरू होणारी, तीन नमुन्यांची तपासणी अधिक पसंत करतात. कोणती तपासणी करावयाची ते डॉक्टर ठरवितील. ती झालीच पाहिजे, हे आपण पाहावयाचे.

मधुमेह आढळला म्हणून धीर सोडू नये. प्रारंभी दोन आठवडे आहार व चालण्याचा व्यायाम यांवर भर देतात. जेवणानंतर दोन तासांनी साखर १२० च्या आत राहिली, तर तेवढ्यावरच भागते. न राहिल्यास मेटफॉर्मिन किंवा इन्सुलिन सुरू करतात. ‘आता दोन जिवांचे खायचे’ या प्रेमळ आग्रहाला मात्र आवर घालावा लागतो. साबुदाण्याची खिचडी, गोड शिरा आणि पांढऱ्या भाताची दुसरी वाढ यांऐवजी ज्वारीची किंवा नाचणीची भाकरी, मोडाची मटकी, डाळ, पालेभाजी व ताक अशी थाळी, तीही थोडी थोडी व वेळेवर, हितावह ठरते. वेळेवर थोडे थोडे खाण्याची हीच पद्धत जळजळ असणाऱ्या पोटालाही मानवते.

दोहोंमध्ये नाते आहे काय?

निरनिराळ्या देशांतील संशोधकांनी गरोदर स्त्रियांची या जिवाणूसाठी तपासणी करून कोणास मधुमेह होतो, हे पाहिले आहे. काही अभ्यासांत जिवाणूबाधित स्त्रियांमध्ये मधुमेहाचे प्रमाण अधिक आढळले. काहींत तसा फरक दिसला नाही. असे नाते असल्यास ते कोणत्या मार्गाने असेल, याविषयी तीन शक्यता मांडल्या जातात.

पहिली शक्यता दाहाची. जठरातील दीर्घकालीन दाहामुळे काही रासायनिक द्रव्ये रक्तात मिसळतात आणि ती इन्सुलिनच्या कार्यात अडथळा आणतात. गरोदरपणात इन्सुलिनचा प्रभाव आधीच घटलेला असतो, त्यात ही भर पडते. दुसरी शक्यता जठरातील संप्रेरकांची. भूक व तृप्ती यांचे नियमन करणाऱ्या घ्रेलिन व लेप्टिन या संप्रेरकांच्या प्रमाणात या संसर्गामुळे फरक पडू शकतो.

तिसरी शक्यता पोषणाची, आणि ती आपल्या प्रदेशाच्या दृष्टीने विशेष विचार करण्याजोगी आहे. दीर्घकालीन जठरदाहामुळे ब-१२ जीवनसत्त्व आणि लोह यांचे शोषण कमी होते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील माता व मुलांचा १९९३ पासून दीर्घ अभ्यास केला आहे. त्यात सुमारे दोन तृतीयांश मातांमध्ये ब-१२ कमी आढळले. ज्या मातांमध्ये ब-१२ कमी आणि फोलेट अधिक होते, त्यांची मुले सहा वर्षांची झाल्यावर त्यांच्यात इन्सुलिनला होणारा विरोध सर्वाधिक दिसला, असे २००८ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात. शाकाहार हे ब-१२ च्या कमतरतेचे आपल्याकडील प्रमुख कारण होय. त्यात जठराचा दाह असेल तर आहारातून मिळणारे अल्प ब-१२ देखील अंगी लागत नाही. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यानेही ब-१२ कमी होऊ शकते, हे येथेच नमूद करतो.

एवढ्यावरून जिवाणूमुळेच मधुमेह होतो, असा निष्कर्ष काढता येईल काय? आमचे आयुष्य हिशेबाच्या वह्यांत गेले. दोन खात्यांतील रकमा एकाच वर्षी वाढल्या म्हणून एकातील पैसा दुसऱ्यात गेला, असे कोणताही लेखापरीक्षक व्हाउचर पाहिल्यावाचून म्हणणार नाही. येथेही तसेच आहे. स्त्रीचे वय, वजन आणि राहणीमान यांचा संबंध दोन्ही आजारांशी असतो, त्यामुळे ते बरोबरीने आढळू शकतात. शिवाय अनेक अभ्यासांत रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी केलेली असते. ती पूर्वी होऊन गेलेला संसर्ग आणि आज असलेला संसर्ग यांत फरक करू शकत नाही. जिवाणूवर उपचार केल्याने गरोदरपणातील मधुमेह टळतो, असे सिद्ध झालेले नाही. म्हणूनच मधुमेहाच्या भीतीने प्रत्येक गरोदर स्त्रीची या जिवाणूसाठी तपासणी करावी, असे शासनाच्या सूचनाही सांगत नाहीत. साखरेची तपासणी मात्र प्रत्येकीची व्हावी, असे त्या निःसंदिग्धपणे सांगतात. ज्याचा पुरावा पक्का आहे, ते आधी पार पाडावे, हाच सुज्ञपणा होय.

जळजळ आणि जावळ

गरोदर स्त्रीच्या छातीत जळजळ होऊ लागली की बाळाच्या डोक्यावर जावळ भरपूर आहे, असे घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया कौतुकाने म्हणतात. बहुतेक वेळा ही जळजळ निरुपद्रवी असते. गर्भाचा दाब आणि संप्रेरकांमुळे सैलावलेली अन्ननलिकेची झडप ही त्याची कारणे असतात. परंतु काही लक्षणे कौतुकाच्या आड दडून राहू नयेत. पोटात पाण्याचा थेंबही न टिकणे, वजन घटणे, रक्ताची उलटी, पोटात असह्य वेदना, किंवा गोळ्या नियमित घेऊनही रक्ताची कमतरता भरून न येणे, यांपैकी काहीही असल्यास डॉक्टरांना तात्काळ दाखवावे. गरोदरपणातील अतिरिक्त उलट्या आणि लोहाची कमतरता या दोहोंशी जिवाणूच्या संसर्गाचा संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे.

येथे एका सामान्य गोंधळाचा उल्लेख करतो. गरोदर स्त्रीला दररोज दिल्या जाणाऱ्या लोहाच्या गोळीमुळे शौचास काळसर रंग येतो. त्याची भीती नाही. परंतु डांबरासारखे चिकट, दुर्गंधीयुक्त काळे शौच आणि त्याबरोबर घेरी अथवा धाप लागणे, हे जठरातील रक्तस्रावाचे चिन्ह असू शकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९–२१ मध्ये देशातील ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय होता. सबब जळजळ होते म्हणून परस्पर गोळ्या बंद करणे हा उपाय नव्हे. गोळीची वेळ बदलता येते, तसे डॉक्टरांना विचारावे. तसेच अंगदुखीची गोळी दुकानातून आणून घेऊ नये. अशा काही गोळ्या जठरालाही घातक असतात आणि गर्भालाही.

गरोदरपणात या जिवाणूची तपासणी गरज पडल्यास शौचाच्या नमुन्यावरून सुरक्षितपणे होते. श्वासाच्या तपासणीच्या एका प्रकारात किरणोत्सारी कार्बन वापरतात, तो प्रकार गरोदर स्त्रियांत टाळतात. उपचार मात्र, रक्तस्रावासारखी गुंतागुंत नसल्यास, सामान्यतः प्रसूतीनंतरपर्यंत पुढे ढकलतात. कारण या उपचारात दोन किंवा अधिक प्रतिजैविके व आम्ल कमी करणारे औषध बहुधा १४ दिवस घ्यावे लागते, आणि त्यांतील टेट्रासायक्लिन व बिस्मथ ही औषधे गरोदरपणात वर्ज्य आहेत. प्रसूतीनंतर, बाळ अंगावर पीत आहे हे लक्षात घेऊन, डॉक्टर औषधांची निवड व वेळ ठरवितात. उपचार संपल्यावर किमान चार आठवड्यांनी जिवाणू गेला की नाही, याची पुन्हा तपासणी करावी लागते. अर्धवट सोडलेला उपचार हा न केलेल्या उपचारापेक्षाही वाईट, कारण उरलेले जिवाणू औषधाला दाद देईनासे होतात.

एका भगिनीचा अनुभव आणि आमची उणीव

‘प्रसूतीनंतर पाहू’ हे वैद्यकीयदृष्ट्या योग्य वाक्य कारभारात कसे हरवते, याचा धडा आम्हांस एका भगिनीने दिला.

पोटदुखीसाठी ही भगिनी आपल्या रुग्णालयात येत असे. तपासणीत जिवाणू आढळला आणि उपचार सुरू झाले. तोच तिला दिवस गेल्याचे समजले, म्हणून डॉक्टरांनी औषध थांबविले आणि केसपेपरवर ‘उर्वरित उपचार प्रसूतीनंतर’ अशी नोंद केली. पुढे ती प्रसूती विभागात आली. तेथे तिचा नवा केसपेपर निघाला, नव्या क्रमांकाचा. २५ व्या आठवड्यात तिला ग्लुकोजचे पाणी देण्यात आले. ते वीस मिनिटांतच उलटून पडले. अशी उलटी अर्ध्या तासाच्या आत झाली तर तपासणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करावयाची असते, म्हणून तिला ‘उद्या या’ असे सांगण्यात आले. ती आली नाही. एस.टी.चे भाडे आणि मजुरीचा आणखी एक दिवस तिला परवडणारा नव्हता. पुढे सातव्या महिन्यात रीतीप्रमाणे ती माहेरी गेली. ३४ व्या आठवड्यात पुन्हा आली, तेव्हा साखर बरीच वाढलेली होती. प्रसूती अवघड गेली. बाळ वजनाने मोठे होते आणि त्याची साखर उतरल्यामुळे त्यास नवजात शिशू कक्षात ठेवावे लागले. डॉक्टर व परिचारिकांच्या दक्षतेमुळे मायलेक सुखरूप घरी गेले, आणि आमच्या नोंदवहीत ‘समाधानकारक’ असा शेरा पडला.

साडेतीन महिन्यांनी ती बाळाला लस देण्यासाठी आली असता तिने परिचारिकेला विचारले, “सिस्टर, पोटाचं औषध बाळंतपणानंतर देऊ असं डॉक्टर म्हणले होते. बाळ साडेतीन महिन्यांचं झालं. ते औषध कधी द्यायचं? का आता नको?” परिचारिकेने तिला आमच्याकडे आणले. आम्ही नोंदी शोधल्या तेव्हा एकाच स्त्रीचे दोन क्रमांकांचे दोन केसपेपर दोन कपाटांत सापडले. पोटाच्या उपचाराची नोंद प्रसूती विभागाने पाहिलेली नव्हती. प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी व्हावयाची आईची साखरेची तपासणीही राहून गेली होती. तिला तसे कोणी सांगितले होते की नाही, याची नोंदही नव्हती. आमच्या दोन्ही विभागांनी आपापले काम चोख केले होते. मध्ये जी जागा उरली होती, ती मात्र कोणाचीच नव्हती, आणि ती जागा सांभाळणे हे आमचे, म्हणजे कार्यालयाचे काम होते.

त्याच आठवड्यात तिची तपासणी झाली. मधुमेह झालेला नव्हता, परंतु साखर त्याच्या उंबरठ्यावर होती. रक्ताचे प्रमाणही कमी होते. पोटाचे उपचार पूर्ण झाले. तिने विचारले नसते तर काय झाले असते, हा प्रश्न आमच्या मनातून जात नाही. आठवण ठेवण्याचे काम आम्ही रुग्णावर सोपविले होते. तिने ते केले. आम्ही केले नव्हते.

बाळाची लस, आईची तपासणी

गरोदरपणातील मधुमेह प्रसूतीनंतर बहुधा ओसरतो. त्यामुळे आजार संपला असे सर्वांना वाटते. वस्तुतः अशा स्त्रीला पुढील आयुष्यात कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतर स्त्रियांच्या सुमारे सात ते दहा पट असतो. म्हणून सहा आठवड्यांनी तपासणी, आणि नंतर नियमाने तपासणी, हा उपचाराचाच भाग होय. परंतु बाळंतीण स्वतःसाठी रुग्णालयात येत नाही. ती बाळासाठी येते. थंडी असो, पाऊस असो, लसीची तारीख ती चुकवीत नाही.

बाळाची लस सहाव्या आठवड्यात असते आणि आईची तपासणीही सहाव्या आठवड्यात. ही गोष्ट इतकी सरळ असूनही ती आमच्या ध्यानात येण्यास विलंब लागला. आता आपल्या रुग्णालयात प्रत्येक स्त्रीचा केसपेपर एकाच क्रमांकाचा असतो. गरोदरपणात साखर वाढलेल्या प्रत्येक भगिनीच्या बाळाच्या लसीकरण पुस्तिकेवर आईच्या तपासणीचा शिक्का मारला जातो, आणि पोटाचे वा अन्य उपचार राहिले असल्यास त्याची नोंदही तेथेच होते. ती माहेरी असल्यास तेथील आरोग्य केंद्रात वा रुग्णालयात दाखविण्यासाठी चिठ्ठी दिली जाते. ग्लुकोज उलटून पडल्यास त्या भगिनीची राहण्याची सोय त्याच दिवशी प्रतीक्षागृहात केली जाते, म्हणजे तिला भाडे खर्चून पुन्हा यावे लागत नाही.

प्रसूतीनंतरची तपासणी उपाशीपोटी करावयाची असते. अंगावर पाजणाऱ्या आईने सकाळपासून उपाशी बसून दोन तास थांबणे सोपे नाही, विशेषतः जिला पित्ताचा त्रास आहे तिला. दुसरा नमुना घेताच तिला गरम नाश्ता मिळावा, यासाठी काही देणगीदारांनी स्वतःहून भार उचलला आहे. इमारतीच्या कोनशिलेवर नाव कोरले जाते. वाटीभर उपम्यावर नाव कोरता येत नाही. तरीही ही देणगी देणाऱ्यांचे ऋण आम्ही येथे विशेषत्वाने नमूद करतो.

ध्यानात ठेवावयाच्या बाबी

१. प्रत्येक गरोदर स्त्रीची साखरेची तपासणी पहिल्या भेटीत व पुन्हा २४ ते २८ व्या आठवड्यात व्हावी. लक्षणांची वाट पाहू नये.

२. ग्लुकोजची उलटी झाल्यास ती किती वेळाने झाली ते लगेच सांगावे. तपासणी झाली असे समजू नये.

३. पूर्वी जठराच्या जिवाणूवर उपचार झाले असल्यास किंवा अर्धवट राहिले असल्यास पहिल्याच भेटीत जुने कागद दाखवावेत.

४. जिवाणू आढळला म्हणून मधुमेह होणारच, असे मानू नये; आणि तो नाही म्हणून साखरेची तपासणी टाळू नये.

५. औषधे व लोहाच्या गोळ्या परस्पर सुरू वा बंद करू नयेत.

६. माहेरी जाताना सर्व कागद सोबत न्यावेत. तारीख चुकली तरी तपासणी चुकवू नये.

७. पिण्याचे पाणी स्वच्छ असावे. शौचानंतर व स्वयंपाकापूर्वी हात साबणाने धुवावेत. जठराच्या जिवाणूपासून पुढच्या पिढीला वाचविण्याचा हाच सर्वांत स्वस्त उपाय आहे.

बंधुभगिनींनो, संशोधक आपले काम करीतच आहेत. जिवाणू आणि मधुमेह यांच्या नात्याचा उलगडा आज ना उद्या होईल. परंतु तोवर आपल्या हाती जे आहे ते थोडके नाही : एक पेला ग्लुकोजचे पाणी, दोन तासांचा धीर, एका क्रमांकाचा केसपेपर आणि सहाव्या आठवड्याची आठवण. आपल्या घरी, शेजारी अथवा कामाच्या ठिकाणी एखादी भगिनी गरोदर असल्यास तिला ‘साखर तपासली का?’ आणि बाळंतीण असल्यास ‘बाळाची लस झाली, तुझी तपासणी झाली का?’ एवढे दोन प्रश्न आपण अवश्य विचारावेत, ही नम्र विनंती.